बाहेरचंच कडं हलत होतं, निर्मला

निर्मला, तू चुकलीस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे मला एका जागी बसता तरी येईल.

तू गेल्यापासून मी धड बसलेलीच नाही. चहा ठेवते, उकळायच्या आत गॅस बंद करते, खाली जाते, गाडीचं बॉनेट उघडते, बघते, लावते, परत वर येते. सोसायटीतले लोक आधी विचारायचे, "वसुधाताई, काही मदत हवीय का?" आता विचारत नाहीत. लिफ्टमध्ये नुसते मान हलवतात. विहीण गेली म्हणून बाई गाडीपाशी का घुटमळते, हे त्यांना कळणं शक्य नाही आणि मला ते समजावून सांगायचं नाही.

गाडीचा क्रँक सरळ होता. शाफ्टला काही झालेलं नव्हतं. पुलीच गेली होती, आणि मी म्हणत होते तशीच गेली होती. हे वाक्य तुझ्या तोंडावर म्हणायला मी किती उतावीळ झाले होते! ईशाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मग बरं झालं ना." बरं झालं! तू असतीस तर तास-दोन तास भांडली असतीस. "काढून दाखव" म्हणाली असतीस. आणि दाखवल्यावर कपाळावर हात मारून हसली असतीस, कारण स्वतःची चूक सापडली की तुला वर्गातल्या मुलाला पैकीच्या पैकी पडल्यासारखा आनंद व्हायचा. तो आनंद वाया गेला. त्याचंच मला राहून राहून वाईट वाटतंय.

आपलं नातं लोकांना सांगताना नेहमी पंचाईत व्हायची. माझी ईशा आणि तुझा सिद्धार्थ, म्हणून आपण विहिणी. पण विहिणी रविवारी सकाळी हाताला ग्रीस लावून पार्किंगमध्ये उभ्या राहत नाहीत. मैत्रिणी म्हणावं तर आपण वयाची पंचावन्न उलटल्यावर भेटलो. मी ऑफिसात आयुष्य काढलेली, तू आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेली. मी डोंबिवलीजवळ कोपरला, तू शहाडला. मुलं लग्न होऊन पुण्याला गेली, आणि मागे राहिलो आपण दोघी आणि माझी जुनी पांढरी गाडी.

पहिल्यांदा तुझ्या घरी आलो होतो तो दिवस आठवतो? मी, ईशा आणि माझे मोठे दीर. ईशाचे बाबा ती कॉलेजात असतानाच गेले, त्यामुळे बोलणी करायला दीर. ते सोफ्याच्या अगदी कडेवर बसले होते, केव्हाही उठता यावं तसे. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "लग्न तुमच्या पद्धतीनं करायचं म्हणजे नेमकं कसं असतं? किती वेळ लागतो?"

तू चहाचा ट्रे ठेवलास आणि म्हणालीस, "अर्ध्या तासात होतं. पण तो अर्धा तास सगळ्यांना गप्प बसावं लागतं. जमेल तुमच्याकडच्यांना?"

मी हसले. दिरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पक्ष बदलला. बदललाच होता म्हणा. निघताना गाडी सुरू होईना. दीर रिक्षा शोधायला लागले. तू वरून खाली आलीस, चांगली जरीची साडी नेसलेली, पदर खोचलास आणि बॉनेट उघडायला लावलंस. बॅटरीची तार सैल झाली होती. "पक्कड आहे का गाडीत?" तू विचारलंस. दीर म्हणाले, "अहो राहू द्या, तुमची साडी खराब होईल." तू म्हणालीस, "साडी धुता येते."

लग्न तुमच्या पद्धतीनं, भंतेजींसमोर झालं आणि दीर अर्धा तास गप्प बसले. त्यानंतर त्या विषयावर आपण कधी बोललो नाही. तुझ्या नणंदेनं मला पहिल्या वर्षी कसं वागवलं, माझ्या जावेनं तुझ्याकडे पाण्याचा पेला हातात धरून कसा तसाच खाली ठेवला. तू पाहिलं होतंस, मी तू पाहिलेलं पाहिलं होतं. बोलायचं होतं. वाटायचं, वेळ आहे. आधी या गाडीचा आवाज बघू.

बरेच महिने तू मला "विहीणबाई" आणि "अहो" म्हणत होतीस. मग एकदा कल्याणच्या पत्रीपुलावर चढावात माझी गाडी मागे घरंगळायला लागली आणि तू ओरडलीस, "अगं, क्लच! क्लच दाब, बाई!" पुलावरून उतरल्यावर तुझ्या लक्षात आलं. आपण दोघी इतक्या हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. अहो तिथेच संपलं.

पुलीचं सुरू झालं ते तीनेक महिन्यांपूर्वी. गाडी सुरू केली की पुढून चिरका आवाज यायचा आणि थोड्या वेळानं खडखड. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लुकलुकायचा. कोपरच्या गॅरेजवाल्यानं बेल्ट बदलला. आठवडाभर आवाज गेला आणि मग परत आला, पहिल्यापेक्षा मोठा. मी तुला फोनवर आवाज ऐकवला. तू म्हणालीस, "फोनवर इंजिन ऐकवतात का? येते मी."

आलीस. मला गाडी सुरू ठेवायला सांगून तू बॉनेटवर वाकलीस. तोंड एका बाजूला, कान इंजिनाकडे. मग मला बाहेर बोलावलंस आणि बोटानं खाली दाखवलंस. इंजिनाच्या पोटात जो मोठा दांडा फिरतो, क्रँकशाफ्ट, त्याचं एक टोक बाहेर येतं आणि त्या टोकावर ही पुली बसते. तिच्यावरून बेल्ट जातो आणि बाकीच्या गोष्टी फिरवतो. "कशी दिसतेय?" तू विचारलंस.

"नाचतेय," मी म्हटलं. सायकलच्या चाकाला बाक आला की ते जसं फिरतं तसं.

"नाचतेय ना? मग बेल्टचा काही दोष नाही. पुली वाकडी फिरली की कुठलाही बेल्ट ओरडणार. आता पुली का नाचतेय ते शोधायचं."

तू मला समजावलंस. ही पुली एका तुकड्याची नसते. मध्ये एक भाग, जो बोल्टनं शाफ्टला घट्ट असतो. बाहेर एक जड कडं. दोन्हींच्या मध्ये रबर, इंजिनाचे झटके गिळायला. रबर सुटला की बाहेरचं कडं मोकळं होतं आणि डोलायला लागतं. ते असेल तर सोपं, नवी पुली घालायची. पण कडं आणि मधला भाग दोन्ही मिळून डोलत असतील, तर दुखणं आत आहे. बोल्ट सैल असेल, शाफ्टवरची खाच झिजली असेल, किंवा शाफ्टचं टोकच वाकलं असेल. मग इंजिन खोलायचं.

"नेलपॉलिश आण," तू म्हणालीस.

"माझ्याकडे कुठलं नेलपॉलिश?"

"ईशाचं असेल एखादं."

होतं. कपाटाच्या मागच्या बाजूला, अर्धं सुकलेलं, भडक केशरी. इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. मधल्या भागापासून रबरावरून थेट बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची होती. रबर सुटला असेल तर गाडी चालवल्यावर कडं सरकेल आणि रेघ तुटेल. तू ब्रश माझ्या हातात दिलास. "तू ओढ. माझा हात थरथरतो हल्ली."

मी ओढली. वाकून, मान मोडून, चाक वळवून सापडलेल्या फटीतून. मग आपण गाडी घेऊन डोंबिवलीभर हिंडलो, एसी लावून, मुद्दाम वर-खाली गियर टाकत. घरी येऊन बघितलं. रेघ होती तशीच. एका सरळ ओळीत.

"झालं," तू म्हणालीस, आणि तुझा चेहरा पडला. "रबर धरून आहे. म्हणजे आत आहे."

"पण निर्मला, मला बाहेरचंच कडं हलताना दिसतंय. मधला बोल्ट जागच्या जागी फिरतोय."

"फिरत्या वस्तूकडे बघताना डोळा फसतो. सगळ्यांचा फसतो."

"मी परत बघू?"

"बघ किती वेळा बघायचं ते. हाताला फसवता येत नाही." आणि तू बंद इंजिनात हात घालून पुलीचं कडं धरलंस आणि हलवलंस. "हे बघ. हललं. आख्खी हलतेय."

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत चालू होतं. तुझं म्हणणं, इंजिन खोलायचं. माझं म्हणणं, एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कोण खोलत बसणार, विकून टाकू आणि पुण्याला बसनं जाऊ. ईशाला आठवा महिना होता. आपण दोघींनी गाडी घेऊन जायचं केव्हापासून ठरवलं होतं. तू म्हणालीस, विकायची असेल तर घेणाऱ्याला काय सांगशील? कारण माहीत नसताना गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची नाही. मी म्हटलं, मग तशीच घेऊन जाऊ, हळूहळू. तू भडकलीस. "घाटात बेल्ट उडाला तर? स्टिअरिंग दगड होईल तुझ्या हातात. पोटुशी पोर तिकडे वाट बघतेय आणि आपण दोघी बोगद्यात."

"मग बस."

"बसमध्ये पाळणा कसा नेशील?"

पाळणा! तुझा तो लोखंडी पाळणा. सिद्धार्थच्या वेळी पोटात बाळ असताना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये तू स्वतः वेल्डिंग करून केलेला, दोन्ही बाजूंना बेअरिंग घातलेला. प्रिन्सिपॉल म्हणाले होते, बाई, या अवस्थेत वेल्डिंग नको, आणि तू जेवणाच्या सुट्टीत केलंस. इतकी वर्षं माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवला होतास. गाडीची मागची सीट पाडली की बरोबर मावत होता, आपण मोजूनही बघितलं होतं. टेम्पोनं पाठवू, मी म्हटलं. तू म्हणालीस, "तू ना, वसुधा, प्रत्येक गोष्टीवर पर्याय काढतेस आणि कारण शोधत नाहीस."

"आणि तू कारण शोधत बसतेस आणि कुठे पोचत नाहीस."

हे आपलं शेवटचं बोलणं. सकाळी, फोनवर. "ठेवते," तू म्हणालीस. रागावून नव्हे. पोळ्या करायच्या होत्या तुला. दुपारी तुझ्या शेजारणीचा फोन आला. तू गॅलरीत खुर्चीवर बसली होतीस, उठवायला गेल्या तर उठली नाहीस. हार्ट, डॉक्टर म्हणाले. मी रिक्षानं आले शहाडला. गाडी होती, किल्ली पर्समध्ये होती, पण तू "ही चालवायची नाही" म्हणून सांगितलं होतंस आणि मी ऐकलं. वाटेत दोनदा रिक्षा बंद पडली, तेव्हा मी तुझ्यावर चिडले. गेलेल्या माणसावर चिडत होते, माहीत होतं मला. तरी चिडले.

सिद्धार्थ संध्याकाळी पोचला. ईशाला डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. त्यानं सगळं केलं, नातेवाइकांना सांगणं, गाडी, फुलं, सगळं, आणि तो एकदाही रडला नाही. तुझी नणंद माझा हात धरून बसली होती. पहिल्या वर्षी तिनं मला ज्या नजरेनं पाहिलं होतं ते मी विसरले नव्हते, पण हात सोडवून घेतला नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल पांढऱ्या कपड्यांनी भरला. भंतेजी समोर बसून बोलत होते, सगळं बदलत जाणारं आहे, धरून ठेवण्यासारखं काही नाही. मी ऐकत नव्हते. मला पुली दिसत होती. खरंच सांगते, तुझ्या फोटोसमोर बसून मी विचार करत होते की रेघ मी नीट ओढली होती ना. तेवढ्यात मागच्या बाजूला माणसं येत राहिली, मोठमोठ्या पंजांची, नखांत काळं बसलेली. तुझे विद्यार्थी. काही पन्नाशीचे. लहान मुलांसारखे चपला नीट ओळीत काढून ठेवत होते.

त्यातला एक जेवणाच्या वेळी माझ्यापाशी आला. "मी भोईर. शीलफाट्याजवल माजा गॅरेज हाय. तुमी मॅडमच्या विहीण ना? मॅडम फोनवर बोलल्या होत्या मना तुमच्या गारीबद्दल. क्रँकचा काम हाय म्हनल्या."

"तुला बोलली होती?"

"हो. म्हनल्या, विहीण ऐकत नाय, पन तू इंजिन उतरवायची तयारी ठेव."

म्हणजे तू माझ्या नकळत व्यवस्था लावून ठेवली होतीस! मला हसू आलं, त्या हॉलमध्ये, पानात डाळ वाढत असताना. भोईर घाबरला. मी त्याला म्हटलं, "गाडी कधी नेतोस?"

टो करून नेली. मी बरोबर गेले. कल्याण-शीळ रोडला मेट्रोच्या कामाचे पत्रे लागलेले, धूळ, गाड्या खोळंबलेल्या, आणि आपली गाडी पुढचे पाय उचलून टो करणाऱ्या ट्रकमागे निघालेली. भोईरच्या गॅरेजात पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं. मी बसले नाही. त्यानं चाक काढलं, आतलं झाकण काढलं, पुली उघडी पडली. केशरी रेघ अजून होती, जरा काळवंडलेली.

"ही कोनी मारली?"

"मी. तुझ्या मॅडमनी मारायला लावली."

तो रेघेकडे बराच वेळ बघत बसला. मग मला म्हणाला, "सुरू करून बघू का एकदा, काकी? तुमाला काय दिसतं ते सांगा." इंजिन जरा वेळ चालू केलं. मी वाकले. बाहेरचं कडं डोलत होतं आणि मधला बोल्ट एका जागी स्थिर फिरत होता. मी तेच सांगितलं, तुला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत.

लांब पाना घालून, त्यावर अंगाचा भार टाकून त्यानं बोल्ट सोडवला. बोल्ट घट्ट होता. पुली ओढून काढली. आतली खाच शाबूत. मग त्यानं शाफ्टच्या टोकाला गेज लावलं, घड्याळासारखं असतं ते, आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. दांडा वाकडा असेल तर काटा हलतो. काटा जागचा हलला नाही. त्यानं गेज काढलं, फडक्यानं पुसलं, दुसऱ्या ठिकाणी लावलं, परत फिरवलं. परत तेच. तिसऱ्यांदा गेज लावायला लागला तेव्हा मी म्हटलं, "भोईर, सरळ आहे तो."

"पन मॅडम म्हनल्या क्रँक हाय."

"चुकली असेल."

"मॅडम नाय चुकायच्या." तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"चुकायची रे. चहात साखर दोनदा घालायची. मुरबाडला जायचं तर बारवी धरणावर पोचवायची. आणि तरी म्हणायची, रस्ता हाच आहे."

त्यानं पुली उलटी केली. मागच्या बाजूनं रबर अर्ध्या गोलाहून जास्त फाटलेला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात सहज आत जात होतं. कडं हातात धरून हलवलं तर पडायला आलेल्या दातासारखं हलत होतं. पुढच्या बाजूनं उरलेला रबर अजून धरून होता, म्हणून कडं गोल सरकलं नाही, नुसतं डोलत राहिलं. म्हणून रेघ तुटली नाही. तुझी परीक्षा बरोबर होती, निर्मला. पण तिच्यातून निसटणारं दुखणं होतं ते. तू पुढूनच बघितलंस. पुली उलटी करून बघायला तुला कुणी वेळच दिला नाही.

भोईरनं नवी पुली घातली, बेल्ट लावला. गाडी सुरू केली. पुली इतकी सरळ फिरत होती की फिरते आहे हे कळत नव्हतं. जुनी त्यानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "ही मी आयटीआयला दिऊ? पोरांना दाखवायला. रेघ हलली नाय म्हनून सोरू नका, काढून, उलटी करून बघा, असा सांगन."

"दे ना."

"पन कोन चुकला ते नाय सांगनार."

"सांग," मी म्हटलं. "तिनं स्वतः सांगितलं असतं. फळ्यावर लिहून सांगितलं असतं."

त्या वेळी त्याचे डोळे भरले. माझे नाही. मला घाई होती, कुणाला तरी हे सांगायची. दारात उभी राहूनच मी सिद्धार्थला फोन लावला. सगळं सांगितलं, रेघ, रबर, गेज, आणि म्हटलं, "मी सांगत होते तिला, कडंच हलतंय, तर म्हणे डोळा फसतो!"

तो म्हणाला, "आईला दिसलं नसणार."

"म्हणजे?"

"मोतीबिंदू होता ना तिला. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर वर्षभर मागे लागलेले, ऑपरेशन करून घ्या म्हणून. ही म्हणायची, बाळ होऊन जाऊ दे, मग निवांत करू. तुम्हाला बोलली नव्हती?"

नव्हती बोलली. मला नाही बोललीस तू.

त्या दिवसापासून मी गेलं वर्ष मागेपुढे करून बघतेय. गाडी तू माझ्यापेक्षा चांगली चालवायचीस, आणि मग एकदम सोडलीस. "तूच चालव, मला बाजूला बसून इंजिन ऐकायचंय." मला वाटलं, काय हे वेड! हॉटेलात मेनू माझ्याकडे सरकवायचीस. "तू सांग, तुझी निवड चांगली असते." मी फुशारून जायचे. बॉनेट उघडलं की "तू बघ, काय दिसतंय सांग." मला वाटायचं, ही मला शिकवतेय. या वयात कुणीतरी मला काहीतरी नवं शिकवतंय, माझ्या डोळ्यांवर विश्वास टाकतंय. आणि तुला नुसती माझ्या डोळ्यांची गरज होती? की दोन्ही होतं? सांग ना. हे भोईरला विचारता येत नाही.

आणि गरजच होती तर शेवटी माझं ऐकलं का नाहीस? मी सांगत होते, बाहेरचं हलतंय. माझा शब्द घेतलास तर तुला दिसत नाही हे कबूल करावं लागलं असतं, म्हणून? की तुझा तुझ्या हातावर इतका विश्वास होता? मी रोज वेगळं उत्तर देते. कधी तुझा इतका राग येतो की बोलू नये. मी काय तुला सोडून देणार होते? कल्याणला डॉक्टरकडे नेलं असतं, थेंब घातले असते, काळा चष्मा लावून तुला बारवीला फिरवलं असतं. कधी वाटतं, तुला तेच नको होतं. आयुष्यभर सगळ्यांना तूच हात दिलास, घेण्याची सवय नव्हती. कधी वाटतं, तू माझ्याकडून घेतच होतीस की, वर्षभर, रोज, फक्त मला कळू न देता. आणि मी देत होते, मलाही न कळता. मग राग जातो. मग परत येतो.

ईशाला ठरल्या तारखेच्या आधीच दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. सिद्धार्थचा फोन आला आणि मी मागची सीट पाडली. शहाडला तुझ्या घरून वॉचमन आणि वरच्या मजल्यावरचे दोघं यांनी पाळणा खाली आणला. शीळफाट्यावरून वळून मी एकटी निघाले. घाटात माझा डावा हात सारखा बाजूच्या सीटवर जात होता, तिथे कुणी नव्हतं, पर्स होती. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मी रेडिओ लावला नाही. बोगद्यातून बाहेर आले तेव्हा ऊन होतं, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "पोचले बघ." कुणाला म्हटलं कोण जाणे.

पाळणा सिद्धार्थनं जोडला. बेअरिंगला तेल घातलं, झुलवून बघितला, गोधडी अंथरली. तुझ्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. ईशा मला खुणेनं म्हणत होती, राहू दे. नात सिद्धार्थवर गेलीय, रंगानं ईशावर. रडली की भुवया तुझ्यासारख्या करते. हे तुला सगळेच सांगतील, मी कशाला सांगू.

पुण्यातल्या एका सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. मी बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. सिद्धार्थ वाकून तिच्या डोक्यावर पाणी ओतत होता, अगदी जपून, तांब्या दोन्ही हातांत धरून. बाळ किंचाळत होतं. त्यानं तिला उचललं आणि मान न वळवता हात मागे केला.

"आई, टॉवेल दे ना."

मला तो काकू म्हणतो. मी टॉवेल दिला. त्यानं तिला गुंडाळलं, छातीशी धरलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पाठ हलायला लागली. निर्मला, इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा रडला. मी बाळाला त्याच्याकडून घेतलं नाही. तिला धरूनच रडू दिलं.

दुपारी तो स्वयंपाकघरात आला. मी मेथी निवडत होते. समोर बसून त्यानंही चार काड्या हातात घेतल्या. म्हणाला, "काकू, सकाळी ते..."

"हं."

"तुम्हाला चालणार असेल तर, म्हणजे, मी तुम्हाला आईच..."

"नको रे," मी म्हटलं. "मला काकूच म्हण."

त्यानं चमकून पाहिलं. त्याला वाटलं मी दुखावले. मी त्याच्या हातातली मेथी घेऊन ताटात ठेवली आणि म्हटलं, "ती हाक तिची आहे. आली तोंडात तर येऊ दे, अडवू नकोस. मोठ्यानं मार. मी ओ देणार नाही, पण मी इथेच असेन."